देव सध्या घागरीत

४ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

नमस्कार लिहिला खरा, पण नात्याने मोठी मी आणि वयाने मोठे तुम्ही. तेव्हा कोणी कोणाला करायचा ते तुम्हीच ठरवा. ठरेपर्यंत हा असाच हवेत राहू दे.

परवा फोन केला होता. तुमची सूनबाई म्हणाली, "मोठ्या काकू, बाबांना नीट ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला." मी बोलले. इकडे कुंडावरची कबुतरं उडाली, पण तुमच्यापर्यंत काही पोचलं नाही. मी विचारलं पाय कसा आहे, तुम्ही म्हणालात, "हो हो, जेवलो." म्हटलं, ह्यापेक्षा पत्र बरं. ज्या मास्तरांनी चौथीपर्यंत माझे कान पिळले त्यांच्या कष्टांचं आज सोनं झालं.

तुमचीही कमाल आहे. जन्मभर देवळाच्या त्या पायरीवरून चढलात-उतरलात, आणि गाभारा रिकामा केल्यावर तिसऱ्याच दिवशी तिथून घसरलात. लोक म्हणतात, आत देव नव्हता म्हणून पडले. मी म्हणते, नाकावर चष्मा नव्हता म्हणून.

आता इकडची खबर. गाभाऱ्याची मागची भिंत, झाडाच्या मुळीने पोट सुटल्यासारखी पुढे आलेली, ती पूर्ण उतरवली. मुळी निघाली ती माझ्या मनगटाएवढी. एवढीशी फट बघून शिरली असणार आणि मग ऐसपैस झाली, आमच्या धाकट्या नणंदेसारखी. छतही उतरवलं. सगळे दगड अंगणात ओळीने मांडलेत आणि पाथरवटाने प्रत्येकाच्या तोंडावर गेरूने नंबर घातलाय. परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे दिसतात. मूर्ती मंडपात, चादरीखाली. तुम्ही सांगून गेलात ना, की आता तो नुसता दगड आहे, म्हणून मी तिला नमस्कार करत नाही. पण जाताना हात आपोआप छातीशी येतो, त्याला मी काय करू?

आणि ज्यात तुम्ही देव काढून ठेवलात ती घागर माझ्या खोलीत आहे, फळीवर. रोज सकाळी विहिरीचं पाणी गळ्यापर्यंत भरते. थोडं कमी झालेलं असतंच, ऊन-वाऱ्याने उडतं. वर ताजं पान ठेवते. ह्या वयात माझ्या खोलीत कोणी राहायला आलं, तर चार बायकांनी कुजबुजायला हवं होतं. कोणी काही बोलत नाही. जरा वाईटच वाटलं.

लवकर बरे व्हा. पाहुणा गुणी आहे, पण त्याला त्याच्या घरी जायचं असेल.

तुमची वहिनी

---

१५ फेब्रुवारी

वहिनी,

मान तुमचा, नमस्कार माझा. तो विषय संपला.

घागर म्हणू नका, कलश म्हणा. त्याच्यासमोर काहीबाही बोलू नका. तुम्ही बोलता हे मला इथे मुलाच्या घरी चौथ्या मजल्यावर बसून कळतं.

पाय बरा आहे. काठी घेऊन खिडकीपर्यंत जातो. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, तिथला म्हातारा ह्या खिडकीकडे बघत असतो. आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नाही.

पाथरवटाला सांगा, गाभाऱ्याचे दगड दुसरीकडच्या दगडात मिसळायचे नाहीत. आपल्या पूर्वजांनी आधी कुंड खणलं आणि त्यातून निघालेला दगड गाभाऱ्याला लावला. मंडप नंतरचा, ओवऱ्या त्याच्याही नंतरच्या, तुमची खोली सगळ्यात शेवटची. कुंडात जितकी पोकळी आहे तितकाच गाभारा आहे असं वडील सांगत. म्हणून नवा दगड आत लागत नाही. आजोबांच्या वेळी मंडप जळाला, तेव्हाही देव कलशात घेतला होता. धूर बसलेले दगड त्यांनी घासून तेच परत लावले, नवा आणला नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो, कारण कमिटीचे अध्यक्ष विचारतील. ज्याने देव काढला त्यानेच तो परत घालायचा. मंत्र सगळ्यांचे असतात, पुस्तकात मिळतात. पण शेवटचा शब्द आपल्या घरचा आहे. तो तोंडातून कानात जातो, कागदावर येत नाही. कागदावर आला की अक्षरं राहतात, तो राहत नाही. दुसऱ्या कोणी येऊन घंटा बडवल्या, तरी देव कलशातच राहील आणि लोक रिकाम्या दगडाला हात जोडतील. तेव्हा भिंती उभ्या राहिल्या की मला कळवा. मी येतो.

पाणी गळ्यापर्यंत असू द्या. आटता कामा नये. आटलं तर तो कुठे जाईल ते मला माहीत नाही, आणि वडिलांनाही माहीत नव्हतं.

पाण्याकडे लक्ष ठेवा. गळ्यापर्यंत.

आपला दीर

---

२० मार्च

भाऊजी,

पत्र मिळालं. पाण्याचं तुम्ही किती वेळा लिहिलंत ते मोजायला बसले, मग म्हटलं जाऊ दे, म्हातारपणी माणसाला एखादं वेड असावं. भरलंय हो. गळ्यापर्यंत. सकाळी भरताना त्याला सांगते, "तुमच्या पुजाऱ्याचा विश्वास नाही माझ्यावर."

मला एक कळत नाही. सासऱ्यांनी तो शब्द मोठ्या मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, का नाही दिला? पूर्वी वाटायचं अन्याय झाला. आता वाटतं, म्हातारा हुशार होता. ह्यांच्या कानात काही सांगितलं की तासाभरात बाजारात पोचायचं. ह्यांना दिली झाडू, पन्हाळी आणि वटवाघळं. तेही ह्यांनी मनापासून केलं. आठवतं का, मागच्या कमिटीने सगळ्या दगडाला गुलाबी तेलरंग फासला होता? हे वर्षानुवर्षं पत्र्याच्या तुकड्याने खरवडत बसायचे. मरायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा नखात गुलाबी रंग होता. मला म्हणायचे, "दगडाला श्वास घेऊ दे." मी म्हणायचे, "आधी मला घेऊ द्या, धूळ पलीकडे झटका."

बाकी इकडे सगळं छान. अंगण तर असं चकचकीत झालंय की तुम्ही ओळखणार नाही. पाथरवट सकाळपासून कामाला असतो. वेळ लागेल म्हणतो. तुम्हीही घाई करू नका. पाय नीट होऊ दे.

तुमची वहिनी

---

२० मार्च

सूनबाई,

हा कागद वेगळा घातलाय. आधी तू वाच आणि भाऊजींना दाखवू नकोस. त्यांना दिलेलं पत्र खोटं नाही, पण खरंही नाही.

अंगण चकचकीत झालं हे खरं. ते कसं झालं ते ऐक. पाथरवट आपल्या घरी लग्नाला गेला होता. अध्यक्षांच्या मनात आलं की आता बांधकाम सुरू होणार, तर लोकांना सेवा करू द्यावी. रविवारी भक्त मंडळी आली, बायका, पुरुष, कॉलेजच्या मुली. प्रत्येकाच्या हातात ब्रश आणि साबणाचं पाणी. देवाच्या घरी लागणारे दगड असे मळके कसे लावायचे? घासायला बसले. काय घासलेत म्हणून सांगू! गाणी म्हणत घासले. एक आजी तर रडत होती, म्हणाली, आयुष्यात गाभाऱ्याच्या दगडाला हात लावायला मिळाला. मी चहा करत होते. माझाही एक ब्रश त्यांनी नेला होता.

संध्याकाळी सगळे दगड नव्या भांड्यांसारखे झाले होते आणि एकाच्याही तोंडावर नंबर नव्हता.

कोणाच्या लक्षातच आलं नाही ग. गेरूचा डाग म्हणून आधी तोच घासला सगळ्यांनी. कंत्राटदाराकडे मोबाइलमध्ये फोटो आहेत, पण ते उभ्या भिंतीचे, बाहेरून काढलेले. आतला दगड कुठला कोणाच्या पोटात बसायचा ते त्यात दिसत नाही.

पाथरवट परत आला. अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि मग खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला म्हणाला, "ताई, चिडू तरी कोणावर? पुण्य करायला आले होते." आता रोज दोन दगड एकमेकांना लावून बघतो. कोपऱ्याचे सापडले, चौकटीचे सापडले. बाकीचे सगळे सारखेच दिसतात, आणि सारखे नाहीत. एक केसभर कमी असेल तरी बसत नाही.

जमेल, असं मी म्हणते. तू भाऊजींना काही बोलू नकोस. ते काठी टाकून बसमध्ये बसतील.

मोठी काकू

---

२ एप्रिल

मोठ्या काकू,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. रक्ताच्या बाटल्यांवरचे नंबर लावणं हेच माझं दिवसभराचं काम आहे, त्यामुळे त्या पाथरवटाचं काय झालं असेल ते मला लगेच कळलं. बाटली बदलली तर मी निदान दुसऱ्यांदा रक्त मागू शकते.

आता माझाही एक कागद वेगळा.

बाबांचा पाय खरंच बरा आहे. पण ऑपरेशननंतर दुसरंच काही सुरू झालंय. पहिल्यांदा मला वाटलं गुंगीचा परिणाम असेल. रोज सकाळी ते अंघोळ करून स्तोत्र म्हणतात, इतकी वर्षं ते इथे राहायला आले की मी ते भिंतीपलीकडून ऐकत आलेय. मला अर्थ माहीत नाही, पण चाल पाठ आहे. हल्ली एका ठिकाणी थांबतात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पुन्हा तिथेच थांबतात. मग बराच वेळ काही आवाज येत नाही. परवा मी दार लोटून पाहिलं, तर तोंडावर हात दाबून बसले होते. मला बघून म्हणाले, "ढेकर आला."

डॉक्टर म्हणाले, हे विसरणं मागे येणार नाही, पुढेच जाईल. किती वेगाने, ते सांगता येत नाही. ह्यांना, म्हणजे तुमच्या पुतण्याला, मी सांगितलंय. ते त्या दिवसापासून ऑफिसातून उशिरा येतात.

काकू, मला देवाधर्मातलं काही कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही त्यावरून मला चिडवतासुद्धा. पण त्या शब्दाचं काहीतरी लवकर करायला हवं, एवढं मला कळतं. बाबा माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतात. ऐकत नाही असं दाखवतात, पण ऐकतात.

तुमची सूनबाई

---

१० एप्रिल

भाऊजी,

आज एक काम सांगायचंय, आणि तुम्ही नाक मुरडायच्या आत सांगते.

तुमच्या मुलाला समोर बसवा आणि तो शब्द त्याच्या कानात घाला. आजच. मुहूर्त बघू नका.

आता म्हणाल, वहिनीला मध्येच काय झालं. काही नाही झालं. काल पाणी भरताना माझाच हात निसटला, घागर कलंडता कलंडता वाचली. मनात आलं, आपण दोघं म्हातारी, तिकडे एक, इकडे एक. आपल्यापैकी एखाद्याचं तिकीट निघालं तर? माझं काम काय, कोणीही करेल, विहीर आणि तांब्या ठाऊक असला की झालं. तुमचं तसं नाही.

मुलगा पूजा करत नाही, विमा विकतो, हे मला माहीत आहे. पण कान आहेत ना त्याला? लहानपणी तुमचे कान तुमच्याहून मोठे होते असं सासूबाई सांगायच्या, तेच त्याने घेतलेत. त्यातली ती गाण्याची वायर काढायला सांगा आणि द्या आत सोडून. पटलं नाही तरी तो विसरेल थोडाच, तो तुमचा मुलगा आहे, मनातल्या मनात कुरकुरत लक्षात ठेवेल.

आणि मला सांगा, बाईच्या कानाला काय झालंय हो? इतकी वर्षं सगळ्या घराची गुपितं ह्याच कानात साठलीत. एकही बाहेर गेलेलं नाही. (एक गेलं होतं, पण ते तुमच्या लग्नाचं होतं, आणि ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.)

पाणी भरलंय.

तुमची वहिनी

---

९ मे

वहिनी,

तुमचं पत्र आल्यावर आधी राग आला. चार दिवस काही लिहिलं नाही. मग वाटलं, बरोबर आहे.

रविवारी मुलाला बोलावलं. त्याने अंघोळ केली, न सांगता. पाटावर बसला. इतक्या वर्षांत तो माझ्यासमोर असा कधी बसला नव्हता. मान खाली घातली. मला त्याच्या डोक्यावर टक्कल पडलेलं दिसलं. कधी पडलं, मला कळलंच नाही.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

वहिनी, काहीच आलं नाही.

पुन्हा मागचं सगळं म्हटलं, त्या ओघात येईल म्हणून. तिथपर्यंत आलो आणि पुढे जमीनच नव्हती. वडिलांनी मला दिला तेव्हाचं सगळं आठवतं. त्यांची दाढी कानाला टोचली. तंबाखूचा वास आला. मला गुदगुल्या झाल्या आणि हसू आलं, म्हणून त्यांनी दंड धरला. त्यांचा श्वास आठवतो, किती गरम होता ते आठवतं. शब्द आठवत नाही. देव काढला त्या दिवशी होता. त्याच्यावरच तर काढला. कलशात गेला तो, आणि बहुतेक शब्द पण घेऊन गेला.

मुलगा बसून राहिला. शेवटी म्हणाला, "बाबा, मिळाला." आणि उठून गेला. त्याने मला फसवलं नाही, मला सांभाळून घेतलं. मी त्याचा बाप आहे, मला हे करायला हवं होतं.

हे फक्त तुम्हाला लिहितोय, कारण दुसरं कोणीही रडेल. तुम्ही हसा. खरंच सांगतो. हसून मला काहीतरी टोचून लिहा.

पाणी गळ्यापर्यंत असू द्या.

आपला दीर

---

१७ मे

भाऊजी,

हसायला बसले. अगदी ठरवून, दार लावून बसले. नाही जमलं. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला हसायला सांगितलंत आणि मी वाया घालवलं.

तुम्ही खरं लिहिलंत, मग मीही लिहिते. दगड लागत नाहीत. गेरूचे नंबर भक्तांनी घासून काढले, भक्तीने. पाथरवटाने दोन महिने जिवाचं रान केलं. दगडाला कान लावायचा, जिभेने चाटून बघायचा, मी आडून बघत होते. चार थर उभे केले, पाचवा बसेना, तेव्हा कळलं की दुसऱ्याच थरात चूक आहे. परत उतरवले. गेल्या आठवड्यात आला, हत्यारं फडक्यात बांधली, माझ्या पाया पडला आणि गेला. मी म्हटलं, "माझ्या कशाला पडतोस?" तर म्हणाला, "आणखी कोणाच्या पडू? तिथे कोणी नाही."

काल कमिटीची बैठक मंडपातच झाली. मी खांबामागे झाडू घेऊन बसले होते, कोणी उठवलं नाही. कुंडाच्या पोकळीचं, आजोबांच्या वेळचं, तुमच्या पत्रातलं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं. वाईट माणसं नाहीत ती. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "आजी, पटतं सगळं, पण मग करू काय? उघड्यावर किती दिवस ठेवू? तुम्ही सांगा, मी करतो." भाऊजी, मला काहीच सांगता आलं नाही. मला! शेवटी ठरलं की सिमेंटचा गाभारा बांधायचा आणि जुने दगड बाहेरून कुंपणाला लावायचे.

आठवून बघा हो पुन्हा. जोर लावून नको. माझं कसं होतं सांगू, चष्मा शोधायचा सोडून दिला की सापडतो. तुम्ही आठवायचं सोडून द्या. समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्याशी भांडा. दाढी करा. जेवता जेवता अचानक आला, तर जो समोर असेल त्याच्या कानात टाका. सून असू दे, दूधवाला असू दे. मी त्याला इथे घेऊन येईन, आणि पुजारी म्हणून बसवीन.

तुमची वहिनी

---

१८ जुलै

मोठ्या काकू,

तुमची मधली तीन पत्रं मिळाली. बाबांना उत्तर लिहिता येत नाही म्हणून मी लिहितेय.

मी तुमची पत्रं त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. त्यांना फार आवडतात. दूधवाल्याचं पत्र तर पुन्हा पुन्हा वाचायला लावतात, त्याच जागी हसतात. काल वाचून झाल्यावर म्हणाले, "कोण आहे ही बाई? मजेशीर आहे. तिला एकदा बोलवा."

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं माझं. पण तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाहीत.

सकाळचं स्तोत्र आता संपलं. पण त्या वेळेला ते अजून उठून भिंतीकडे तोंड करून बसतात आणि ओठ हलतात. दूधवाल्याचं वाचल्यापासून मी एक करते. हसू नका. मी शेजारी बसते आणि त्यांच्या तोंडाशी कान नेते. काही दिवस मोबाइलवर रेकॉर्डसुद्धा केलं, कानाला लावून सगळं पुन्हा ऐकलं. शब्द नाही काकू. नुसता श्वास येतो-जातो. पण मी रोज बसते. न जाणो.

तुमचा पुतण्या विचारतो, त्याने "मिळाला" म्हटलं ते चुकलं का? त्याला काय सांगू?

तुमची सूनबाई

---

३० नोव्हेंबर

भाऊजी,

सूनबाई हे वाचून दाखवेल. मी कोण ते तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. एक मजेशीर बाई लिहितेय असं समजा. आणि पुतण्याला सांगा, चुकलं नाही.

नवा गाभारा झाला. चांगला झालाय, उगाच नावं ठेवत नाही. पांढराशुभ्र, आत वाकावं लागत नाही, पंखा आहे. जुनीत देव परत घालणारं कोणी नाही म्हणून नवी मूर्ती आली, तिचं नाक जरा जास्तच सरळ आहे. परवा स्थापना झाली. एवढी माणसं की कुंडाच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. दगड घासताना रडलेली ती आजी पण होती, परत रडत होती. तिला बघून मला बरं वाटलं. तिला काही माहीत नाही, आणि कोणी सांगूही नये.

नवे गुरुजी तरुण आहेत, अदबीने बोलतात. मी घागर घेऊन त्यांच्यापुढे गेले. म्हटलं, "ह्याला तेवढा आत घ्या." त्यांनी लांबूनच हात जोडले. म्हणाले, "आजी, दुसऱ्याने आवाहन केलेला कलश मी कसा हलवू? मला तो अधिकार नाही. ज्यांनी केलं त्यांना विचारा." मी म्हटलं, "विचारलं."

अध्यक्ष म्हणाले, "आजी, कुंडात सोडून द्या आता. किती दिवस सांभाळाल?"

मी म्हटलं, "आणि आत असला तर?"

ते म्हणाले, "आणि नसला तर?"

मग आम्ही दोघंही घागरीकडे बघत उभे राहिलो. कोणीतरी हाक मारली तसे ते गेले.

जुन्या मूर्तीला गोणपाटात गुंडाळून माझ्या ओवरीत आणून ठेवलंय. वस्तुसंग्रहालयवाले येऊन नेणार म्हणे. म्हणजे आता बघा, दगड माझ्या दाराशी, तो माझ्या फळीवर, आणि मधला शब्द होता तो तुमच्याजवळ. सगळं घरातच आहे आणि कोणाला कोणाशी जोडता येत नाही.

काल संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर, मी एक वेडेपणा केला. तुम्ही बरे असतात तर चांगले ओरडला असतात. गोणपाट सोडलं, मूर्तीचं तोंड मोकळं केलं, आणि घागर तिच्या अगदी पायाशी नेऊन ठेवली. म्हटलं, इतकी वर्षं एकत्र होतात, एकमेकांना ओळखत असाल. मध्ये कोणी कशाला हवं? जायचं असेल तर जा. मी तोंड फिरवून बसते. आणि खरंच, भिंतीकडे तोंड करून बसले, काही न बोलता. माझ्यासाठी ते किती अवघड आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

सकाळी पाहिलं. घागरीतलं पाणी कमी झालं होतं. वाकून मूर्तीला हात लावला, पाय, पोट, कपाळ, सगळीकडे हात फिरवला, कुठे ओल आहे का बघायला.

कोरडी होती.

मग गोणपाट परत बांधलं, विहिरीवर गेले आणि घागर गळ्यापर्यंत भरली.

तुमची वहिनी